जुना लॅपटॉप आणि लिनक्सची नवी आवृत्ती : निर्णयाचे निकष व कार्यपद्धती

गोषवारा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती सहज चालते, असे विधान गेली अनेक वर्षे सर्रास केले जाते. ते खोटे नाही. परंतु ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर ते विनाअट खरेही राहिलेले नाही. या आवृत्तीपासून डेबियनने ३२ बिट संगणकांसाठी कर्नल व प्रतिष्ठापक देणे थांबविले आहे. परिणामी, आवृत्ती बदलण्यापूर्वी लॅपटॉपचा प्रोसेसर किती बिटांचा आहे आणि त्यावर बसविलेली प्रणाली किती बिटांची आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारणे आवश्यक झाले आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यास सुस्थितीतील यंत्र निकामी समजून टाकून दिले जाते किंवा चुकीच्या मार्गाने केलेल्या आवृत्तीबदलामुळे प्रणाली असुरक्षित होते. प्रस्तुत लेखात या निर्णयाचे निकष आणि त्यानुसार अवलंबावयाची कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, डेबियन, आवृत्तीबदल, ३२ बिट, ६४ बिट, कर्नल, पॅकेज, जुने संगणक

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला संगणक बहुधा नवा नसतो. थोरल्या भावंडाचा, नातेवाइकाचा किंवा एखाद्या कार्यालयाने बदललेला लॅपटॉप त्याच्याकडे येतो आणि त्यावरच त्याचे प्रकल्प, निबंध व अर्ज तयार होतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व तुलनेने अलीकडील प्रोसेसर लागतो. त्यामुळे २००६ ते २०१५ या काळातील बहुतेक लॅपटॉपांना अधिकृत मार्ग उरला नाही. अशा वेळी लिनक्सचा पर्याय साहजिकच पुढे येतो. ज्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स पूर्वीपासूनच आहे, त्यांच्यापुढे मात्र निराळा प्रश्न असतो : असलेली जुनी आवृत्ती तशीच ठेवावी की नवी घ्यावी, आणि घ्यावयाची तर कशी?

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी त्यात दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक म्हणजे त्या लॅपटॉपवरील लेखन, छायाचित्रे व कागदपत्रे. दुसरी म्हणजे खुद्द ते यंत्र. नवा लॅपटॉप घेणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ‘हा आता चालणार नाही’ हा निष्कर्ष साधार असणे फार महत्त्वाचे आहे.

लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

१. लिनक्सच्या संदर्भात ‘आवृत्ती’ आणि ‘साहाय्याची मुदत’ या संकल्पना स्पष्ट करणे.
२. ३२ बिट व ६४ बिट यांतील भेदाचा आवृत्तीबदलावर होणारा परिणाम विशद करणे.
३. जुन्या लॅपटॉपची पूर्वतपासणी, आवृत्तीबदल व पुनर्प्रतिष्ठापना यांचा क्रम सांगणे.

लिनक्सची वितरणे अनेक आहेत. येथे विवेचनासाठी डेबियन हे वितरण निवडले आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही, आणि उबुंटूसारखी अनेक वितरणे त्याच्या पायावर उभी आहेत. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘बॉस’ हे वितरणही डेबियनवरच आधारलेले आहे. त्यामुळे येथे सांगितलेली तत्त्वे थोड्याफार फरकाने अन्यत्रही लागू पडतात.

आवृत्ती म्हणजे काय?

लिनक्स हे काटेकोर अर्थाने केवळ कर्नलचे, म्हणजे यंत्र व आज्ञावली यांच्यामधील मूळ गाभ्याचे नाव आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. आपण ज्याला व्यवहारात लिनक्स म्हणतो ते वितरण असते. कर्नल, लेखन व न्याहाळकासारख्या आज्ञावली, अक्षरसंच इत्यादी हजारो पॅकेजे परस्परांशी जुळवून व तपासून एकत्र दिलेली असतात. एका विशिष्ट टप्प्यावर गोठविलेला असा संच म्हणजे आवृत्ती होय.

पाठ्यपुस्तकाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात छपाईच्या चुका दुरुस्त होतात. परंतु प्रकरणे तीच राहतात. सुधारित आवृत्तीत मात्र प्रकरणेच बदलतात. लिनक्समध्ये दर आठवड्या-पंधरवड्याला येणारी अद्ययावतने ही पुनर्मुद्रणासारखी असतात. त्यांत प्रामुख्याने सुरक्षेतील उणिवा बुजविलेल्या असतात. डेबियन ११ वरून १२ वर जाणे ही सुधारित आवृत्ती होय. तीत कर्नल ५.१० चा ६.१ होतो, आणि १३ मध्ये तो ६.१२ होतो.

प्रत्येक आवृत्तीला साहाय्याची मुदत असते. डेबियनमध्ये पहिली सुमारे तीन वर्षे पूर्ण साहाय्य आणि त्यापुढे सुमारे दोन वर्षे दीर्घकालीन साहाय्य अशी रचना आहे. १४ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या डेबियन ११ (बुल्सआय) ची दीर्घकालीन मुदत ३१ ऑगस्ट २०२६ अशी ठरलेली आहे. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ (बुकवर्म) ची ३० जून २०२८, तर डेबियन १३ (ट्रिक्सी) ची ३० जून २०३० आहे. मुदत संपल्यावर लॅपटॉप बंद पडत नाही आणि पडद्यावर कोणतीही सूचना येईलच असे नाही. तो पूर्वीसारखाच चालत राहतो. फक्त नव्याने उघडकीस आलेल्या उणिवा त्यात कायमच्या राहतात. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, त्यावर अशी प्रणाली ठेवणे योग्य नव्हे. आवृत्तीबदलाचे मुख्य कारण हे आहे. नवी सजावट हे नव्हे.

३२ बिट व ६४ बिट : भेद आणि त्याचा इतिहास

प्रोसेसर स्मृतीतील प्रत्येक जागेला एक क्रमांक देतो. हा क्रमांक लिहिण्यास ३२ बिट असतील तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ जागा, म्हणजे ४ जीबी स्मृती दर्शविता येते. ६४ बिट प्रोसेसरला ही मर्यादा जाचत नाही. शिवाय त्यात तात्पुरती मूल्ये ठेवण्यासाठी असलेले सर्वसाधारण रजिस्टर आठाऐवजी सोळा असतात. वैयक्तिक संगणकांच्या घराण्यातील ३२ बिट परंपरा इंटेलच्या १९८५ मधील ८०३८६ या प्रोसेसरपासून सुरू झाली. म्हणून डेबियनमध्ये ३२ बिट रचनेला ‘आय३८६’ असे नाव आहे. ६४ बिट विस्तार एएमडी कंपनीने २००३ मध्ये प्रथम बाजारात आणला व पुढे इंटेलनेही तो स्वीकारला. त्यामुळे ६४ बिट रचनेचे नाव ‘एएमडी६४’ असे पडले. इंटेल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपचे मालक हे नाव पाहून ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे समजतात. तो समज चुकीचा आहे. इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरसाठीही हीच रचना घ्यावयाची असते.

आता मूळ अडचणीकडे वळू. २००६ च्या उत्तरार्धापासून आलेले इंटेल कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४ बिट होते. तथापि त्या काळी लॅपटॉपमध्ये १ किंवा २ जीबी स्मृती असे. ६४ बिट प्रणालीत स्मृतीचे पत्ते दुप्पट लांबीचे असल्याने तीच आज्ञावली काहीशी अधिक स्मृती घेते. काही आज्ञावली तर तेव्हा केवळ ३२ बिट रूपातच मिळत. म्हणून ६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट लिनक्स बसविण्याचा सल्ला दिला जाई व तो त्या वेळी अयोग्य नव्हता. पुढे त्याच प्रणालीवर एकामागून एक आवृत्त्या चढत गेल्या आणि मूळ निवड विस्मरणात गेली. आज असा लॅपटॉप ‘३२ बिट’ म्हणून ओळखला जातो. वस्तुतः ३२ बिट आहे ती त्यावरील प्रणाली, यंत्र नव्हे.

दरम्यान, ३२ बिट रचनेचा आधार क्रमाक्रमाने कमी होत गेला. गुगल क्रोमने लिनक्सवरील ३२ बिट साहाय्य मार्च २०१६ मध्ये थांबविले. उबुंटूने २०१७ च्या १७.१० या आवृत्तीपासून ३२ बिट डेस्कटॉप प्रत देणे बंद केले. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीत ३२ बिट कर्नल सोडला. लिनक्स मिंटने २०२० मध्ये २० व्या आवृत्तीपासून तोच मार्ग धरला. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२५ मधील १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्ससाठी प्रत देणे थांबविले. डेबियन हा या परंपरेतील मोठा आधारस्तंभ होता. त्याच्या १३ व्या आवृत्तीत आय३८६ रचना नावापुरती उरली आहे. तिचा उपयोग ६४ बिट प्रणालीच्या आत जुन्या ३२ बिट आज्ञावली चालविण्यापुरताच अभिप्रेत आहे.

कालगणनेचाही एक मुद्दा यात आहे. जुन्या पद्धतीत वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांच्या रूपाने ३२ बिटांत साठविली जाते. ही संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही आणि भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती मर्यादा गाठली जाईल. डेबियन १३ ने अन्य सर्व रचनांमध्ये ६४ बिट कालगणना स्वीकारली; आय३८६ मध्ये मात्र जुन्या आज्ञावलींशी मेळ राखण्यासाठी जुनीच गणना ठेवली.

पूर्वतपासणी : तीन प्रश्न

आवृत्ती बदलण्यापूर्वी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

पहिला प्रश्न : प्रोसेसर किती बिटांचा? टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यास प्रोसेसरची माहिती येते. तीत कार्यपद्धतीच्या ओळीत ३२ बिट व ६४ बिट असे दोन्ही उल्लेख असतील तर यंत्र ६४ बिट आहे. केवळ ३२ बिट असा उल्लेख असल्यास ते खरोखरच ३२ बिट आहे. लेनोव्हो कंपनीचा २००८ मधील थिंकपॅड एक्स२०० हा कोअर २ ड्युओ प्रोसेसरचा लॅपटॉप पहिल्या गटात मोडतो. त्याच वर्षीचा आसूसचा ई पीसी १०००एच हा ॲटम एन२७० प्रोसेसरचा छोटा लॅपटॉप दुसऱ्या गटात मोडतो. दोन्ही एकाच वर्षीचे असल्याने केवळ खरेदीच्या वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे यावरून दिसून येईल.

दुसरा प्रश्न : बसविलेली प्रणाली किती बिटांची? यासाठी ‘डीपीकेजी’ या पॅकेज-व्यवस्थापकाला त्याची रचना विचारावी. उत्तर ‘आय३८६’ किंवा ‘एएमडी६४’ असे येते. पुष्कळजण येथे ‘यूनेम’ या आज्ञेवर विसंबतात. तिचे उत्तर मात्र फक्त कर्नलविषयीचे असते. ६४ बिट कर्नल व बाकी सर्व पॅकेजे ३२ बिट अशी मिश्र प्रणालीही असू शकते. म्हणून पॅकेज-व्यवस्थापकाचे उत्तर निर्णायक मानावे.

तिसरा प्रश्न : स्मृती, साठवण व प्रकृती कशी आहे? व्यवहारतः २ जीबी स्मृतीत एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके डेस्कटॉप आणि लेखनाचे काम चालते. न्याहाळकातील खिडक्या मात्र मोजक्याच ठेवाव्या लागतात. ४ जीबी असल्यास काम सुकर होते. हार्ड डिस्कची स्वनोंद ‘स्मार्ट’ या सोयीद्वारे तपासावी. बदललेल्या सदोष भागांची संख्या वाढत असल्यास आधी डिस्क बदलावी. चालू स्थितीतील जुन्या लॅपटॉपवर होणाऱ्या खर्चांपैकी फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्याचा खर्च सर्वाधिक फलदायी ठरतो.

या उत्तरांतून तीन मार्ग निघतात. प्रोसेसर व प्रणाली दोन्ही ६४ बिट असल्यास थेट आवृत्तीबदल करावा. प्रोसेसर ६४ बिट पण प्रणाली ३२ बिट असल्यास पुनर्प्रतिष्ठापना करावी. दोन्ही ३२ बिट असल्यास डेबियन १२ वर थांबावे.

पूर्वतयारी

कोणताही मार्ग असला तरी बॅकअप हा पहिला टप्पा होय. गृह-निर्देशिकेची संपूर्ण प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. बिंदूने आरंभ होणाऱ्या लपविलेल्या निर्देशिका त्यात अवश्य असाव्यात, कारण न्याहाळकातील खुणा, ई-मेल व लेखन-आज्ञावलीतील स्वतःचा शब्दसंग्रह त्यांतच असतो. प्रत घेतल्यावर तीमधील दोन-चार धारिका दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. युनिकोडपूर्व काळातील अक्षरसंचांत टंकलिखित केलेले जुने लेख असतील, तर त्या अक्षरसंचांच्या धारिकाही बॅकअपमध्ये घ्याव्यात. त्यांच्याविना तो मजकूर रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळींसारखा दिसतो. तसेच इन्स्क्रिप्ट किंवा ध्वन्यनुसारी यांपैकी जो कळफलक आपण वापरतो, त्याची नोंद करून ठेवावी.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत घड्याळाची बॅटरी हे अडथळ्याचे एक अनपेक्षित कारण असते. मदरबोर्डवरील ही छोटी बॅटरी संपली की यंत्र बंद होताच दिनांक अनेक वर्षे मागे जातो. पॅकेज-व्यवस्थापक भांडारातील सूचीवरील दिनांक तपासतो; ती भविष्यातील आहे असे वाटल्यास तो ती नाकारतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही अशा वेळी अवैध ठरतात. दोष भांडाराचा किंवा इंटरनेटचा आहे असे समजून तासन् तास घालविण्यापूर्वी घड्याळ पाहावे.

विजेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. लॅपटॉपची बॅटरी निकामी असल्यास तो थेट विजेवरच चालतो आणि ग्रामीण भागात भारनियमनाच्या वेळेत पॅकेजे बसविण्याचे काम मध्येच तुटू शकते. अशा ठिकाणी इन्व्हर्टरची सोय पाहावी अथवा वीज जाण्याची वेळ टाळावी. शक्यतो तारेने जोडलेले इंटरनेट वापरावे, कारण आवृत्तीबदलात वायफाय तुटण्याचा संभव असतो.

प्रत्यक्ष आवृत्तीबदल

दोन्ही उत्तरे ६४ बिट असलेल्या लॅपटॉपवर डेबियन ११ असल्यास प्रथम १२ वर व नंतर १३ वर जावे. मधली आवृत्ती गाळण्यास डेबियनची मान्यता नाही. एका आवृत्तीतून लगतच्या आवृत्तीत जाताना कोणती पॅकेजे कोणत्या क्रमाने बदलतील याचीच चाचणी झालेली असते. दोन पायऱ्या एकदम उडी मारणाऱ्याच्या वाटेची नव्हे.

प्रथम असलेली आवृत्ती पूर्णपणे अद्ययावत करावी. अन्य भांडारांतून घेतलेली पॅकेजे शक्य तितकी काढावीत. त्यानंतर भांडारांच्या सूचीत ‘बुल्सआय’ असे जेथे जेथे असेल तेथे ‘बुकवर्म’ असे लिहावे. सुरक्षा-भांडाराच्या ओळीतही हा बदल विसरू नये. याच टप्प्यावर एक महत्त्वाची नोंद घ्यावी लागते. डेबियन १२ पासून वायफाय इत्यादी उपकरणांना लागणारी अ-मुक्त फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या स्वतंत्र विभागात ठेवली आहे. पूर्वी ती ‘नॉन-फ्री’ या सर्वसाधारण विभागात असे. सूचीत हा नवा विभाग न जोडल्यास फर्मवेअरची जुनीच प्रत राहते व तिला अद्ययावतने मिळत नाहीत. थिंकपॅड एक्स२०० मधील इंटेलच्या वायफाय-पत्त्याला अशीच फर्मवेअर लागते.

सूची बदलल्यावर ‘अपडेट’ या आज्ञेने नवी यादी आणावी. त्यानंतर आवृत्तीबदल दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात ‘अपग्रेड’ ही आज्ञा नवी पॅकेजे न घेण्याच्या अटीसह द्यावी. त्यामुळे ज्यांना इतरांना धक्का न लावता बदलता येते तेवढीच पॅकेजे बदलतात. दुसऱ्या टप्प्यात ‘फुल-अपग्रेड’ ही आज्ञा द्यावी. येथे जुनी पॅकेजे काढून नवी घेण्याची मुभा असते. ती काढावयाच्या पॅकेजांची यादी आधी दाखविते. ती वाचल्याविना होकार देऊ नये. यादीत संपूर्ण डेस्कटॉपच काढला जाणार असल्याचे दिसल्यास थांबावे व कोणते बाहेरचे पॅकेज अडथळा आणते ते शोधावे.

मध्येच संरचनेच्या एखाद्या धारिकेबाबत ‘तुमची प्रत ठेवावी की नवी घ्यावी’ असा प्रश्न येतो. आपण ती धारिका हेतुपुरस्सर बदललेली असल्यास आपली ठेवावी. नवी प्रत शेजारी वेगळ्या नावाने जतन होते व नंतर ताडून पाहता येते. काम मध्येच तुटल्यास घाबरून प्रतिष्ठापना पुसू नये. ‘डीपीकेजी’ला अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण करण्याची आज्ञा व त्यानंतर तुटलेले परस्परावलंबन सांधण्याची आज्ञा दिल्यास बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

यंत्र पुन्हा सुरू करून आठवडाभर वापरल्यानंतर १२ वरून १३ वर जाण्यासाठी हीच कृती करावी. या वेळी ‘बूट’ विभागाचे आकारमान पाहावे. कर्नल व फर्मवेअर आता मोठी झाल्याने हा विभाग स्वतंत्र असल्यास तो किमान ७६८ एमबी व त्यात सुमारे ३०० एमबी जागा मोकळी असावी, असे डेबियनचे मार्गदर्शन आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी हा विभाग पुष्कळदा २५० एमबीच्या आसपास ठेवला जाई. जुने कर्नल काढूनही जागा पुरत नसल्यास पुनर्प्रतिष्ठापनाच श्रेयस्कर होय.

३२ बिट प्रणालीकडून ६४ बिटांकडे

आता दुसरा मार्ग. प्रोसेसर ६४ बिट व प्रणाली ३२ बिट असताना वरील कृती केल्यास काय होईल? भांडारात आय३८६ ची पॅकेजे अद्याप असल्याने आज्ञा नाकारली जाईलच असे नाही. आज्ञावली नव्या होतील. परंतु ३२ बिट कर्नलच भांडारात नसल्याने जुना कर्नल तसाच मागे राहील. वरून नवी दिसणारी आणि गाभ्यात जुनी अशी प्रणाली हाती येईल. म्हणूनच ३२ बिट प्रणाली असलेल्यांनी १३ वर आवृत्तीबदल करू नये, असे डेबियनने स्पष्टपणे सांगितले आहे. चालत्या प्रणालीची रचना आतल्या आत बदलण्याची एक पद्धत आहे; तथापि ती जोखमीची असून अनुभवी व्यक्तींनीच अवलंबावी.

त्यामुळे ६४ बिट प्रणाली नव्याने बसविणे हाच सरळ मार्ग राहतो. बसविलेल्या पॅकेजांची यादी एका धारिकेत काढून घ्यावी. गृह-निर्देशिका स्वतंत्र विभागावर असल्यास प्रतिष्ठापनेच्या वेळी तो विभाग न पुसता तसाच जोडता येतो. कागदपत्रे व मांडणी जागच्या जागी राहते. तरीही बॅकअप हवाच, कारण विभाग निवडण्यातील एक चूक सर्व काही पुसू शकते. पेन ड्राइव्हवर ‘एएमडी६४’ प्रत घेऊन प्रथम ‘लाइव्ह’ पद्धतीने, म्हणजे डिस्कला हात न लावता, लॅपटॉप सुरू करून पाहावा. पडदा, ध्वनी, वायफाय व निद्रावस्थेतून जागे होणे या चार गोष्टी तपासाव्यात. त्या ठीक असल्यासच प्रतिष्ठापनेचा निर्णय घ्यावा.

येथे आणखी एक सावधगिरी सांगणे प्राप्त आहे. ६४ बिट असणे हे प्रत्येक वितरणाला पुरेसे नसते. रेड हॅटच्या २०२२ मधील एंटरप्राइझ लिनक्स ९ ला कोअर २ ड्युओमध्ये नसलेल्या काही सूचना लागतात. २०२५ मधील १० व्या आवृत्तीने ही अपेक्षा आणखी वाढविली. डेबियन १३ ची ‘एएमडी६४’ रचना मात्र मूळच्या ६४ बिट सूचनासंचावरच चालते. वितरण निवडताना हा भेद लक्षात घ्यावा.

निव्वळ ३२ बिट यंत्रांचे काय?

ॲटम एन२७०, पेंटियम एम किंवा २००६ च्या आरंभीचा कोअर ड्युओ अशा प्रोसेसरच्या यंत्रांना डेबियन १२ हा अखेरचा मुक्काम आहे. दीर्घकालीन साहाय्य निवडक रचनांनाच मिळते, म्हणून आपली रचना त्यात आहे किंवा नाही हे वेळोवेळी पाहावे. साहाय्य संपल्यावर असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून टंकलेखनाचा सराव, आज्ञावली-लेखनाचे प्राथमिक धडे किंवा प्रयोगशाळेतील नोंदी यांसाठी वापरता येईल. तेही शक्य नसल्यास डिस्क पूर्णपणे पुसून यंत्र अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ ला तेच अभिप्रेत आहे.

आवृत्तीबदलानंतर

डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या धारिकांची ‘टीएमपी’ निर्देशिका डिस्कऐवजी स्मृतीत ठेवली जाते व ती स्मृतीच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते. ८ जीबी स्मृतीच्या यंत्रावर हे जाणवत नाही. २ जीबीच्या यंत्रावर मोठी धारिका उघडताना जाणवू शकते. हा बदल नको असल्यास संबंधित सेवा बंद करून निर्देशिका पुन्हा डिस्कवर ठेवता येते. तसेच स्मृतीतील मजकूर दाबून साठविणारी ‘झेडरॅम’ ही सोय अल्प स्मृतीच्या यंत्रांना उपयुक्त ठरते.

मराठीसाठी ‘लोहित देवनागरी’ हा मुक्त अक्षरसंच डेबियनच्या भांडारात उपलब्ध आहे. कळफलकाची मांडणी पुन्हा जोडावी आणि एखादा जुना मराठी लेख उघडून जोडाक्षरे, रफार व ‘ऱ्या’ नीट दिसतात का ते पाहावे. हे सर्व जुळले की आवृत्तीबदल पूर्ण झाला असे समजावे.

निष्कर्ष

१. आवृत्तीबदलाचा मुख्य हेतू सुरक्षा-साहाय्य टिकविणे हा आहे. साहाय्याची मुदत संपल्याची खूण यंत्राच्या वागण्यात दिसत नाही, म्हणून ती दिनांकावरूनच ठरवावी.
२. यंत्राची क्षमता व त्यावरील प्रणालीची रचना या दोन भिन्न बाबी आहेत. ३२ बिट प्रणाली असलेला प्रत्येक लॅपटॉप ३२ बिट असतोच असे नाही.
३. ६४ बिट प्रोसेसरवरील ३२ बिट प्रणालीला आवृत्तीबदल नव्हे, तर पुनर्प्रतिष्ठापना हा योग्य मार्ग आहे.
४. बॅकअप, घड्याळ, वीज व ‘बूट’ विभाग या चार साध्या बाबींच्या तपासणीने बरेचसे अपयश टळते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिला तो ८०३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. त्याच प्रोसेसरचे साहाय्य २०१३ मधील ३.८ या कर्नलमधून काढून टाकण्यात आले. एखाद्या यंत्राचा आधार केव्हातरी संपणे हे या क्षेत्रात अटळ आहे. परंतु तो खरोखर संपला आहे की संपला असे आपण समजतो, हे तपासण्यास दोन आज्ञा व पाच मिनिटे पुरतात. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला ‘हा चालणार नाही’ असे सांगण्यापूर्वी सांगणाऱ्याने ही पाच मिनिटे अवश्य द्यावीत.